शांतताकाळातील मृत्यू : फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ आणि मिग-२१ चा कालखंड

रणांगणावर पडलेल्या सैनिकाचे स्मरण कसे करावे याच्या रीती प्रत्येक समाजात दीर्घ परंपरेने ठरत आलेल्या असतात. परंतु शांततेच्या काळात, नेहमीच्या सरावाच्या उड्डाणावर गेलेला आणि परत न आलेला तरुण वैमानिक या रीतींच्या चौकटीत नीट बसत नाही, कारण त्याच्या मृत्यूमागे शत्रू नसतो, लढाईचे नाव नसते आणि बहुधा शौर्यपदकही नसते. त्याच्यामागे उरतो तो चौकशीचा अहवाल, आणि त्या अहवालात अपघाताचे जे कारण नोंदले जाते तेच पुढे त्याच्या स्मृतीचे स्वरूप ठरवते. १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानातील सुरतगढ येथे रात्रीच्या उड्डाणात मिग-२१ विमान कोसळून फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचा वयाच्या २७ व्या वर्षी मृत्यू झाला. अपघाताचे खापर वैमानिकावर फोडण्यात आले, ते त्यांच्या आईवडिलांनी मान्य केले नाही, आणि त्या नकारातून जे घडत गेले त्यामुळे भारतीय हवाई दलातील अपघाती मृत्यूंचा प्रश्न प्रथमच एवढ्या ठळकपणे सामान्य नागरिकांसमोर आला. हे प्रकरण समजून घेण्यासाठी त्या एका रात्रीच्या बरेच मागे जावे लागते.

भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली आणि १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळील ड्रिग रोड येथे चार वापिती विमानांच्या बळावर त्याची पहिली तुकडी उभी राहिली. हरिशचंद्र सरकार, सुब्रतो मुखर्जी, भूपेंद्रसिंग, ऐजाद अवान आणि अमरजितसिंग हे तिचे पहिले पाच भारतीय वैमानिक. त्यांपैकी भूपेंद्रसिंग आणि अमरजितसिंग हे दोघे १९३३ मध्येच विमान अपघातात मरण पावले. युद्धाचा अनुभव येण्याआधीच या दलाला अपघाताचा अनुभव आला होता, आणि लढाऊ विमानचालन या पेशाचे ते वैशिष्ट्य पुढेही कायम राहिले : सरावातही जीव जाऊ शकतो, हे गृहीत धरूनच या पेशात प्रवेश करावा लागतो.

ब्रिटिश साम्राज्याच्या व्यवस्थेत अशा मृत्यूंच्या स्मरणाचा एक निश्चित नियम पहिल्या महायुद्धाच्या काळात तयार झाला. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या युद्धकबर आयोगाने, म्हणजे युद्धकाळातील मृतांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या संस्थेने, ठरवून दिलेल्या मुदतीत सेवेत असताना मरण पावलेल्या प्रत्येकाचे नाव कोरले जाईल असे तत्त्व स्वीकारले. मृत्यू गोळीने आला, आजाराने आला की सरावातील अपघाताने आला, याचा विचार करायचा नाही आणि हुद्द्यानुसार दगडाचा आकार बदलायचा नाही. पुण्यातील खडकीची युद्धस्मशानभूमी याच आयोगाच्या देखरेखीखाली आहे आणि तेथील एकसारख्या शिळांवर मृत्यूचे कारण बहुधा दिलेले नसते; नाव, हुद्दा, तुकडी, तारीख आणि वय एवढेच असते. वसाहतीच्या राजवटीत इतर असंख्य बाबतींत भेदभाव होता आणि भारतीय सैनिकांच्या वैयक्तिक नावांबाबत या आयोगाकडूनही अन्याय झाला, हे विसरता येणार नाही. तरीही मृत्यूच्या कारणावरून स्मरणाची प्रतवारी करायची नाही, हे तत्त्व मूलतः न्याय्य होते असेच म्हणावे लागते.

स्वातंत्र्यानंतरच्या भारतात ही प्रतवारी आली. सैन्यदलांच्या नोंदींमध्ये युद्धात किंवा लष्करी मोहिमेत आलेला मृत्यू आणि अन्य कारणांनी आलेला मृत्यू यांचे वर्ग वेगळे आहेत. कुटुंबाला मिळणाऱ्या निवृत्तिवेतनापासून स्मारकावरील नावापर्यंत अनेक गोष्टी त्या वर्गावर अवलंबून असतात. दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय युद्धस्मारकाचे उद्घाटन झाले तेव्हा त्याच्या भिंतींवर २५,९४२ नावे कोरलेली होती आणि ती स्वातंत्र्योत्तर युद्धांत व मोहिमांत कामी आलेल्यांची होती. स्मारकाचा हेतू लक्षात घेता यात गैर काही नाही. मात्र त्यामुळे सरावाच्या उड्डाणात गेलेल्या वैमानिकाचे स्मरण त्याच्या स्क्वॉड्रनवर, म्हणजे विमानांच्या तुकडीवर, त्याच्या शिक्षणसंस्थेवर आणि मुख्यतः त्याच्या घरावर येऊन पडते.

अशा मृत्यूंची संख्या मिग-२१ च्या काळात किती वाढली हे पाहण्याआधी या विमानाचे स्थान समजून घेतले पाहिजे. सोव्हिएत बनावटीचे हे स्वनातीत, म्हणजे ध्वनीपेक्षा अधिक वेगाने उडणारे, लढाऊ विमान १९६३ मध्ये हवाई दलात आले आणि चंडीगढ येथे त्याची पहिली तुकडी उभी राहिली. त्याचे उत्पादन भारतातच करण्याचा परवाना मिळाल्यावर हिंदुस्तान एअरोनॉटिक्स लिमिटेडने विमानाच्या सांगाड्यासाठी नाशिकजवळ ओझर, इंजिनासाठी ओडिशातील कोरापुट आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी हैदराबाद अशी केंद्रे उभारली. ओझरच्या कारखान्याने नाशिक परिसरात कुशल कामगारांची एक पिढी घडवली, त्यामुळे या विमानाचा महाराष्ट्राशी असलेला संबंध केवळ गाडगीळ कुटुंबापुरता नाही. १९७१ च्या युद्धात १४ डिसेंबर रोजी ढाक्यातील गव्हर्नर भवनावर झालेला हल्ला मुख्यतः मिग-२१ विमानांनी केला होता आणि पूर्व पाकिस्तानातील शासन कोसळण्यात त्या हल्ल्याचा मोठा वाटा होता. दोन दशके हे विमान हवाई दलाचा कणा होते, ही वस्तुस्थिती आहे.

पण हे विमान नवख्या हातांना क्षमा करणारे नव्हते. उंचावर शत्रूच्या विमानाला वेगाने गाठता यावे या एकाच उद्देशाने त्याची रचना झाली होती. त्यासाठी पंख त्रिकोणी आणि आखूड ठेवलेले होते, आणि असे पंख कमी वेगात विमानाला पुरेसा आधार देत नसल्यामुळे ते धावपट्टीवर ताशी ३०० किलोमीटरांहून अधिक वेगाने उतरवावे लागे. कॉकपिटमधून समोरचे दृश्य मर्यादित दिसे, इंजिन एकच होते, आणि ते बंद पडले तर निर्णयासाठी मोजके क्षण हाती असत. अनुभवी वैमानिक या विमानाची मनापासून स्तुती करीत आले आहेत आणि ती स्तुती खरी आहे. प्रश्न होता तो अनुभव येण्याआधीच्या काळाचा.

या काळाची समस्या हवाई दलाला आणि शासनाला ठाऊक नव्हती असे कोणीही म्हणू शकत नाही. एअर मार्शल डेनिस ला फाँटेन यांच्या समितीने १९८२ मध्येच प्रगत जेट प्रशिक्षण विमानाची, म्हणजे प्राथमिक जेट आणि लढाऊ विमान यांच्या मधल्या पायरीसाठी लागणाऱ्या दोन आसनी विमानाची, शिफारस केली होती. त्या काळी वैमानिक देशी बनावटीच्या किरण विमानावर आणि काही जण पोलंडच्या इस्क्रा विमानावर शिकत आणि तेथून मिग-२१ कडे जात. किरण हे ध्वनीपेक्षा बऱ्याच कमी वेगाचे, शांत स्वभावाचे विमान. त्यावरून एकदम दुप्पट ध्वनिवेगाच्या विमानावर जाणे म्हणजे मधली पायरी गाळून चढणे होते. आसाममधील तेजपूर येथे मिग प्रशिक्षणासाठी स्वतंत्र केंद्र उभारून ही दरी भरण्याचा प्रयत्न झाला, पण शिकवण्यासाठी वापरले जाणारे विमानही मिग-२१ च असल्यामुळे मूळ अडचण तशीच राहिली. पुढे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या अध्यक्षतेखाली लढाऊ विमानांच्या अपघातांचा अभ्यास करणारी समिती नेमली गेली आणि तिने १९९७ मध्ये अहवाल दिला. प्रगत प्रशिक्षण विमानाची गरज तोवर कुणालाही नव्याने पटवून देण्याची राहिली नव्हती. तरीही ब्रिटनच्या हॉक विमानांचा करार झाला तो मार्च २००४ मध्ये, ६६ विमानांसाठी. आणि ती विमाने कर्नाटकातील बीदर येथे प्रत्यक्ष सेवेत आली २००८ मध्ये. शिफारस आणि करार यांत २२ वर्षांचे अंतर होते. या अंतरात हवाई दलात दाखल झालेल्या वैमानिकांच्या ज्या पिढ्या, त्यांतलीच एक अभिजित गाडगीळ यांची.

दुसरीकडे मिग-२१ निवृत्त करण्याची वेळही पुढे पुढे जात राहिली. त्याची जागा घेण्यासाठी हलक्या लढाऊ विमानाचा, म्हणजे पुढे तेजस म्हणून ओळखल्या गेलेल्या विमानाचा, प्रकल्प १९८३ मध्ये सुरू झाला, त्याचे पहिले उड्डाण ४ जानेवारी २००१ रोजी झाले आणि पहिली तुकडी उभी राहण्यास २०१६ उजाडले. मधल्या काळात १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विघटित झाल्याने सुट्या भागांचा पुरवठा अनिश्चित झाला. निम्म्याहून अधिक आयुष्य सरलेली विमाने डागडुजी करून चालवणे भाग पडले आणि त्यांपैकी १२५ विमाने बायसन या सुधारित रूपात आणली गेली. यात कोणा एका व्यक्तीचा दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. अनेक खात्यांत विभागलेला, फायलींवर रेंगाळलेला हा विलंब होता, आणि त्यामुळेच तो कुणाच्या नावावर लिहिला गेला नाही.

या विलंबाची किंमत २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत दिलेल्या उत्तरातून आकड्यांत समोर आली. हवाई दलाने घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ विमाने १९७१-७२ पासून एप्रिल २०१२ पर्यंतच्या काळात अपघातांत नष्ट झाली होती आणि त्यांत १७१ वैमानिक, ३९ नागरिक आणि अन्य सेवांतील ८ जण मृत्युमुखी पडले होते. या आकड्यांचा अर्थ लावताना थोडी सावधगिरी हवी. हवाई दल अपघातांचे प्रमाण दर १०,००० उड्डाणतासांमागे मोजते, कारण ज्या विमानांची संख्या आणि उड्डाणे सर्वाधिक असतील त्यांचे अपघातही संख्येने अधिक दिसणारच. मिग-२१ च्या बाजूने बोलणारे हा मुद्दा मांडतात आणि तो रास्त आहे. पण १७१ हा आकडा कोणत्याही प्रमाणाने भागला तरी तो तेवढ्याच घरांचा आकडा राहतो.

सुरतगढच्या अपघाताकडे वळताना रात्रीच्या उड्डाणातील एका विशिष्ट धोक्याचा परिचय आवश्यक आहे, कारण वैमानिकाची चूक असा शिक्का कशावर मारला जातो हे त्यातून समजते. माणसाला आपण सरळ आहोत की कलंडलो आहोत हे मुख्यतः डोळ्यांनी कळते, आणि डोळ्यांना आधार नसेल तर ते काम आतल्या कानातील समतोल राखणाऱ्या अवयवांवर पडते. हे अवयव जमिनीवर चालण्यासाठी घडलेले असल्यामुळे वेगवान हालचालीत ते फसतात; शेजारच्या रुळावरची गाडी सुटल्यावर क्षणभर आपलीच गाडी चालू झाल्याचा भास होतो, तसाच पण कितीतरी बळकट भास. जेट विमान उड्डाण करताना जोराने पुढे झेपावते तेव्हा ती वेगवाढ आतल्या कानाला विमानाचे नाक वर उचलल्यासारखी जाणवते. दिवसा क्षितिज दिसत असल्याने वैमानिकाची दिशाभूल होत नाही. वाळवंटातील काळोख्या रात्री, जेथे खाली दिवा नाही आणि आकाश व जमीन यांची सीमारेषा नाही, तेथे हा भास खरा वाटू लागतो आणि तो दुरुस्त करण्याच्या प्रयत्नात वैमानिक नाक खाली करतो. जमिनीपासून अंतर थोडे असताना एवढी एक हालचाल पुरेशी असते. यालाच वैमानिकी वैद्यकात दिशाभ्रम म्हणतात. तो अननुभवाचे लक्षण नसून निरोगी शरीराचा गुणधर्म आहे, आणि त्यावर उपाय एकच असतो, तो म्हणजे शरीराचे न ऐकता उपकरणांवर विश्वास ठेवण्याची सवय, जी केवळ भरपूर सरावाने आणि योग्य प्रशिक्षण साधनांनी लागते. बंगळूरच्या वैमानिकी वैद्यक संस्थेत, जी १९५७ पासून कार्यरत आहे, वैमानिकांना या भासांची ओळख करून दिली जाते.

गाडगीळ यांच्या अपघाताचे नेमके तांत्रिक कारण काय होते याचा निवाडा करणे हा या लेखाचा विषय नाही. येथे महत्त्वाचे आहे ते असे की दिशाभ्रमासारखे कारण जेव्हा वैमानिकाची चूक या सदरात टाकले जाते, तेव्हा चौकशी तेथेच थांबते. त्याला रात्रीच्या उड्डाणाचा किती सराव मिळाला होता, मधली पायरी गाळलेली का होती, विमानाची उपकरणे कशी होती, हे प्रश्न उत्तराविना राहतात. हवाई दलात अपघातानंतर कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे दलातीलच अधिकाऱ्यांचे चौकशी मंडळ, बसते आणि त्याचा अहवाल गोपनीय असतो. लष्करी कारणांसाठी काही गोपनीयता लागते हे मान्य करूनही असे म्हणणे भाग आहे की, जो बोलू शकत नाही त्याच्यावर दोष ठेवणारा अहवाल त्याच्या आईवडिलांनाही वाचता येऊ नये, ही व्यवस्था क्रूर आहे.

अभिजित यांच्या मातोश्री कविता गाडगीळ यांनी हा दोष स्वीकारण्यास जाहीरपणे नकार दिला. त्यांचे पती कॅप्टन अनिल गाडगीळ स्वतः वैमानिक असल्याने त्यांचा युक्तिवाद केवळ दुःखातून आलेला नव्हता. विमान, प्रशिक्षण आणि देखभाल यांची त्यांना जाण होती. मिग-२१ च्या सुरक्षिततेविषयी आणि प्रशिक्षणातील उणिवांविषयी या दांपत्याने वृत्तपत्रांतून आणि शासनदरबारी सातत्याने आवाज उठवला. सैनिकाच्या कुटुंबाने मूक अभिमान बाळगावा अशी अपेक्षा असलेल्या समाजात हे सोपे नव्हते, कारण हवाई दलाला प्रश्न विचारणे म्हणजे मुलाच्या सेवेचाच अवमान करणे, असे मानणारे लोक त्या वेळी थोडे नव्हते. मात्र प्रश्न विचारणाऱ्या या आईवडिलांनी हवाई दलाशी नाते तोडले नाही, आणि त्यांच्या लढ्याचे खरे वेगळेपण येथे आहे. त्यांनी अभिजित एअर सेफ्टी फाउंडेशन ही संस्था आणि पुण्यात जीत एअरोस्पेस इन्स्टिट्यूट ही प्रशिक्षणसंस्था उभारली. ज्या गोष्टीच्या अभावामुळे मुलगा गेला असे त्यांना वाटत होते, तीच गोष्ट इतरांच्या मुलांना उपलब्ध करून देण्याचा हा प्रयत्न होता, आणि अपघाती मृत्यूच्या स्मरणाची याहून समर्पक रीत महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासात क्वचितच आढळेल.

त्याच सुमारास मिग-२१ विषयीची अस्वस्थता वाढत होती. ३ मे २००२ रोजी जालंधर येथे एक मिग-२१ बँकेच्या इमारतीवर कोसळले आणि ८ जणांचा मृत्यू झाला. वृत्तपत्रांनी या विमानाला उडती शवपेटी म्हणण्यास सुरुवात केली होती. लोकांच्या मनातील भीती दूर करण्यासाठी तत्कालीन संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी १ ऑगस्ट २००३ रोजी अंबाला येथून मिग-२१ मधून उड्डाण केले. त्या वेळी ते ७३ वर्षांचे होते. त्यांच्या धैर्याविषयी शंका नाही, पण दिवसाउजेडी, निष्णात वैमानिकाच्या मागे बसून केलेल्या उड्डाणाने नवख्या वैमानिकाच्या रात्रीच्या उड्डाणाचा प्रश्न सुटत नव्हता.

२६ जानेवारी २००६ रोजी राकेश ओमप्रकाश मेहरा यांचा ‘रंग दे बसंती’ हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि अभिजित गाडगीळ यांची आठवण देशभर पोहोचली. त्यातील आर. माधवन यांनी साकारलेला फ्लाइट लेफ्टनंट मिग विमानाच्या अपघातात मरतो, त्याच्या मृत्यूनंतर त्यालाच दोषी ठरवले जाते आणि त्याची आई व मित्र न्याय मागण्यासाठी रस्त्यावर उतरतात. ही कथा आपल्या मुलाच्या मृत्यूवर सैलपणे बेतलेली आहे, असे कविता गाडगीळ यांचे मत होते आणि त्यांनी चित्रपटाला पाठिंबा दिला. लष्करी विमानांचे चित्रण असल्याने चित्रपट प्रदर्शनापूर्वी संरक्षणमंत्री प्रणव मुखर्जी आणि सैन्यदलांचे वरिष्ठ अधिकारी यांना दाखवण्यात आला होता. या चित्रपटाचे ऋण मान्य करूनही इतिहासाच्या दृष्टीने एक आक्षेप नोंदवला पाहिजे. चित्रपटात अपघाताचे मूळ भ्रष्ट मंत्र्याने केलेल्या निकृष्ट सुट्या भागांच्या खरेदीत दाखवले आहे. तेथे खलनायक एक आहे आणि त्याला शिक्षा झाली की प्रेक्षकाचा राग शमतो. प्रत्यक्षात २२ वर्षे रखडलेल्या प्रशिक्षण विमानाच्या निर्णयाला असा एकच चेहरा नव्हता. लोकस्मृतीने चेहरा असलेली गोष्ट लक्षात ठेवली आणि चेहरा नसलेली विसरली, हे स्वाभाविक असले तरी नुकसानीचे आहे.

न्यायालयाच्या पातळीवर या प्रश्नाला उत्तर मिळाले ते एका वाचलेल्या वैमानिकामुळे. विंग कमांडर संजित सिंग कैला यांचे मिग-२१ ४ जानेवारी २००५ रोजी राजस्थानात उड्डाणानंतर पेटले. त्यांनी ते वस्तीपासून दूर नेले, अखेरच्या क्षणी बाहेर पडले आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला कायमची इजा झाली. विमानाच्या निर्मितीत दोष होता हे समोर आल्यावर त्यांनी दाद मागितली आणि मे २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना एकूण ५५ लाख रुपयांची भरपाई मंजूर केली. सैनिकाने पेशाचा नेहमीचा धोका पत्करलेला असला तरी सदोष यंत्रामुळे त्याहून अधिक धोक्यात त्याला लोटणे हे त्याच्या जीविताच्या मूलभूत अधिकाराचे उल्लंघन आहे, असे त्या निकालाचे तात्पर्य होते. कैला स्वतःच्या अपघाताविषयी साक्ष देऊ शकले. गाडगीळ यांच्यासारख्यांच्या बाबतीत ते शक्य नव्हते, आणि म्हणून त्यांच्या वतीने कुटुंबांना बोलावे लागले.

मिग-२१ ची शेवटची तुकडी २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगढ येथे समारंभपूर्वक निवृत्त झाली आणि ६२ वर्षांचा कालखंड संपला. अपघातांच्या नोंदीची पद्धत मात्र विमानाबरोबर निवृत्त झालेली नाही. नागरी विमानांच्या अपघातांचे अहवाल आज प्रसिद्ध केले जातात आणि कोणालाही वाचता येतात. हवाई दलाचे अहवाल अजूनही बंद आहेत. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०२४ मध्ये २०१७ ते २०२२ या काळातील हवाई दलाच्या ३४ अपघातांचा तक्ता प्रसिद्ध केला, त्यात १९ अपघातांपुढे कारण म्हणून वैमानिकांची मानवी चूक अशी नोंद आहे. तक्त्यात कारणासाठी एकच रकाना आहे. त्या वैमानिकांनी कोणत्या विमानांवर, किती तास आणि कोणत्या साधनांनी प्रशिक्षण घेतले होते, यासाठी रकाना नाही.